सत्तारभाई आणि इटलीचा तलवारबाज

पडद्यावर शत्रू उजवीकडून आला, की सत्तारभाई माइकवर ‘डावीकून आला’ असे ओरडत आणि अंजनगाव सुर्जीचा अख्खा तंबू हसून लोटपोट होई. एवढे सर्वांना मान्य आहे. कारण मात्र राजापेठेतले देशमुख चुकीचे सांगतात: म्हणे, सत्तारभाई प्यालेले असत. चहापलीकडे त्या माणसाने कशाला ओठ लावला नाही. मी त्या तंबूच्या दारावर तिकिटे फाडत होतो. देशमुख केवळ प्रेक्षक होते.

फिरत्या टॉकीजची जाहिरात टांग्यातून ओरडणे, हे सत्तारभाईंचे काम. एकदा मालकांकडे भलतीच पेटी आली: तलवारबाजांच्या शौर्यपटांची टर उडवणारा इटालियन सिनेमा. नायक सज्जातून घोड्यावर उडी घेई आणि पिठाच्या गाडीत पडे. भाषा कुणालाच कळेना.

“सत्तार, पब्लिक उठलं त तंबू उठला, आन तूबी घरी,” मालक म्हणाले.

“मी हाव न मालक! इटलीले वऱ्हाडी शिकवतो.”

भोंगा पडद्यामागे आणि माइकची तार आखूड, म्हणून तेही पडद्यामागेच बसले. तिथून सगळे चित्र उलटे दिसते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. “अबे टोपीवाल्या, मांगं पाह्य! डाव्या आंगानं येऊन राह्यला थो!” शत्रू आमच्या उजवीकडून येत होता. वेंधळा नायक नेमका डावीकडे वळला आणि रट्टा खाऊन पडला. लोकांना वाटले, त्याने सत्तारभाईंचेच ऐकले! पडद्यामागून मात्र सत्तारभाई कळवळले, “आयकतच नाई लेकाचा!”

खेळानंतर मी त्यांना चूक समजावली. दुसऱ्या दिवशी तार वाढवून त्यांना समोर बसवले. त्यांनी अचूक इशारे दिले, आणि लोक उठू लागले. मध्यंतरात माइक उचलून ते पुन्हा पडद्यामागे निघाले.

“काऊन, भाई?”

“समोरून त्याले वाचवाले गेलो त लोकं जांभया देऊन राह्यले. मांगून फसोतो त हसतात. मंग फसोलेलाच बरा.”

तो तंबू हंगामभर उठला नाही. पहिल्या खेळातली चूक मी मान्य करतो. पुढच्या खेळांतली कला देशमुखांनी मान्य करावी.

अलीकडेच अकोल्याला, लेकीच्या घरी, सत्तारभाई वारले. त्याआधी देशमुख आणि मी त्यांना भेटायला गेलो होतो. “बस, माह्या डाव्या आंगाले बस,” ते मला म्हणाले. शुद्ध हरपली होती, असे देशमुख आता सर्वांना सांगतात. त्यांच्या डाव्या अंगाला तर भिंत होती. मी उजवीकडच्या स्टुलावर बसलो, तेव्हा सत्तारभाईंनी मला मारलेला डोळा उशामागच्या देशमुखांना दिसला नाही. ते पुन्हा चुकीच्याच बाजूला बसले होते.