शर्यतीतली पंगत

सबंध इंदुरात दुसऱ्यांच्या पोरांसाठी राबणारी आणि घरच्या माणसाला वाऱ्यावर सोडणारी बाई आमच्या बायकोसारखी दुसरी झाली नाही. हे मी रागानं लिहितोय, आणि राग खरा आहे. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम कोणतं, तर मंडळाचे पितळी पेले साफ करणं. ती राखेनं घासत होती, मी पुसत होतो आणि बडबडत होतो. "अहो, तोंडानं पुसताय की फडक्यानं?" तिनं विचारलं. पेले मंडळाचे, राख आमची, कंबर तिची. मंडळाचा एक माणूस हात लावायला आला नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो, जन्म गिरणीत गेला, तेव्हा बोलतो तसंच लिहीन. आमच्या छत्रीबागेतलं मंडळ गणपतीत पळण्याची शर्यत ठेवतं, छत्रीबाग ते लालबाग. पळणाऱ्यांना वाटेत पाणी द्यायचं काम हिनं आपण होऊन गळ्यात घेतलं होतं. मध्य भारताचं मध्य प्रदेश झालं, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, पण हिची पाणी द्यायची रीत काही बदलली नाही. माहेरची शिकवण अशी, की नुसतं पाणी कुणाला द्यायचं नाही, सोबत गुळाचा खडा हवा. आणि पाणी उभ्यानं प्यायचं नाही, गुडघे जातात. आता पळणाऱ्याला कुणी हे सांगतं? ही सांगायची! ओट्यावर सतरंजी अंथरायची आणि धावत्या पोराचा दंड धरायची. "बस रे आधी. कुणाचा तू?" पोरगा धापा टाकत म्हणायचा, "काकी, बस एक घूंट, जाने दो ना!" "घूंट-बिट काही नाही. आईचा खोकला कसा आहे?" तो खोकल्याची हकिगत सांगेपर्यंत मागचा येऊन शेजारी टेकलेला असायचा. मोहल्ल्यातले एकेक तगडे गडी असे सतरंजीवर बसून हरले. जिंकायचा कोण, तर परक्या मोहल्ल्यातला, हिला न ओळखणारा. मंडळाचा सेक्रेटरी हात जोडून म्हणाला, "काकी, ये रेस है, पंगत नहीं!" ही म्हणाली, "मग उभा काय राहतोस? वाढायला लाग."

यंदा मंडळानं अक्कल चालवली आणि हिला शर्यत संपते तिथं, थेट लालबागेच्या फाटकाशी नेऊन बसवलं. इथं माझं डोकं फिरलं. घरात तीन वर्षांची नात. मुलगा फौजेत, दूर सरहद्दीवर. सून बाळंतपणातच गेली. पोर आजीच्या हातानंच खायची. दुसऱ्या कुणी घास पुढे केला की तोंड असं मिटायची, की पाना लावला तरी उघडू नये. ही सकाळीच दूध-पोळी कालवून चालती झाली. मी म्हटलं, "पोर उपाशी राहील." म्हणाली, "तुम्ही आहात ना." याला काय उत्तर म्हणतात?

दुपार कलली तरी हिचा पत्ता नाही. उपाशी पोर खांद्यावर आणि दूध-पोळीचा डबा हातात, अशी मी उन्हातून लालबाग गाठली. हार घालून झाले होते, फोटोवाला गेला होता, मंडळवाले कचोरी खायला पांगले होते. आणि ही एकटी फाटकाशी पेला धरून उभी!

"आता कुणाची वाट बघतेस?"

"मिठाईवाले शेठजी पळताहेत अजून."

आधी शेठजींचं पोट दिसलं. बऱ्याच वेळानं मागून शेठजी आले. त्यांना सतरंजीवर बसवलं, गूळ-पाणी दिलं, घरच्यांची खुशाली विचारली, तेव्हा कुठं हिनं नातीला मांडीवर घेतलं. पोरीनं गपागप खाल्लं. वर हिनं मलाच ऐकवलं, "जप्तीला आल्यासारखा घास पुढे करता तुम्ही. कशी खाईल ती?"

घरी येऊन ते पेले घासून झाले. "जरा आडवी होते," म्हणाली आणि दिवेलागणीला गेली. डॉक्टर येईपर्यंतसुद्धा थांबली नाही. त्या शेठजींच्या पोटासाठी जिनं अख्खी दुपार उन्हात काढली, तिला माझ्यासाठी घटकाभर थांबता आलं नाही. याची तक्रार मी कुठल्या मंडळाकडे करू?

सकाळी अंगणात तिरडी बांधत होते. पोरीनं रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं. शेजारच्या बायकांनी हरप्रकारे करून बघितलं, तोंड मिटलेलंच. मी शेजारून दूध-पोळी मागवली आणि वाटीत कालवायला बसलो. शेजारचे मास्तर म्हणाले, "दादा, मढं घरात आहे. आत्ता जेवण कसलं मांडता?"

"मढं माझं आहे आणि पोरही माझीच आहे. तुम्ही बाहेर बसा."

पोर म्हणाली, "आजी भरवेल."

"आजी नाही भरवणार आता. मी भरवणार."

घास धरून बसून राहिलो. दूध धोतरावर गळत होतं. बाहेरून हाक आली, "दादा, चलिए." मी म्हटलं, "थांबा." आणखी एकदा हाक आली. मी हललो नाही. मग तिनं माझ्याकडे बघत जरासं तोंड उघडलं. एक घास गेला. खूप वेळानं दुसरा. वाटी रिकामी होईपर्यंत मी सगळ्या मोहल्ल्याला दारात उभं ठेवलं.