घोडचुके सर

घोडचुके सरांना विजयाचा भारी कंटाळा होता. पुस्तकात कोणी लढाई जिंकली, गादीवर बसला, तह केला, की ती पानं ते भराभर उलटायचे. पण कुठे कोणी सपशेल चुकला, की स्वारी खुर्चीतून उठलीच म्हणून समजा. कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकायचा, बाह्या वर सारायच्या आणि म्हणायचं, "आता ऐका रे. खरी मजा इथून पुढे आहे."

त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. ते इथे देत नाही, कारण सफाळ्यापासून केळव्यापर्यंत ते कोणी वापरलंच नाही. मुलांनी पहिल्या महिन्यातच त्यांचं 'घोडचुके' करून टाकलं, आणि सरांनीही त्या नावाला खुशाल ओ दिली. मी त्याच शाळेत अकरा वर्षं इतिहास शिकवत होतो. मला मुलांनी साधं टोपणनावसुद्धा ठेवलं नव्हतं. माझ्या दुखण्याची सुरुवात इथून आहे.

हो, जळायचो मी त्यांच्यावर. आता लपवून काय करायचंय? साठ सालानंतरचा तो काळ. तारापूरकडे वीज केंद्राचं काम निघालं होतं, बोईसरच्या बाजारात हिंदी ऐकू यायला लागली होती आणि आमच्या शाळेत हा सोलापूरकडचा माणूस येऊन पडला. समुद्र कधी पाहिलेला नाही, बोंबलाच्या वासाने नाकाला रुमाल लावणारा, ज्वारीच्या भाकरीसाठी झुरणारा. मी मनात म्हटलं, दोन पावसाळे काढले तरी पुष्कळ. तर कसचं काय! सहा महिन्यांत मुलं त्यांच्या खोलीवर वालपापडी, केळी आणि ताडगोळे पोचवायला लागली. डोंगराकडच्या पाड्यांवरची जी पोरं भातलावणी लागली की शाळा सोडायची, ती चिखलाच्या पायांनी येऊन त्यांच्या तासाला बसायला लागली.

आणि शिकवायचे काय, तर चुका! फिरंग्यांनी मुंबई लेकीच्या लग्नात आंदण देऊन टाकली, पानिपतावर जाताना आपल्या लोकांनी फौजेबरोबर यात्रेकरू आणि बायकापोरंही नेली, फ्रान्सचा बादशहा गरम कपड्यांची सोय न करता रशियात घुसला. एकदा त्यांनी दिल्लीहून दौलताबादला राजधानी नेणाऱ्या सुलतानाचा धडा घेतला. त्यासाठी सगळ्या नववीला दप्तरं, बाकं, फळा, पाण्याचा माठ उचलायला लावून मैदानाच्या टोकाच्या चिंचेखाली नेलं. पोरं घामाघूम होऊन टेकतात न टेकतात तोच हे ओरडले, "सुलतानाचा विचार बदलला! चला परत दिल्लीला!" माझा वर्ग खिडकीला लटकून ते बघत होता. मी सनावळी सांगत होतो आणि एक पोर माझ्याकडे बघेल तर शपथ.

मी तडक हेडमास्तरांकडे तक्रार केली. शिस्तीचं काय, अभ्यासक्रमाचं काय, असं बरंच बोललो. हेडमास्तर म्हणाले, "बघतो." दुसऱ्या दिवशी बघायला म्हणून गेले ते त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून खो खो हसत होते. बसा बोंबलत!

बरं, माणूस गर्विष्ठ तरी असावा? तेवढीही सोय नव्हती. रोज तास सुरू करताना आधी स्वतःची एक चूक सांगायचे. आज दोन पायांत दोन जातींच्या चपला घालून आलो, काल भातात मीठ समजून साखर टाकली, बायकोला लिहिलेलं पत्र पाकिटात घालून सासऱ्याच्या नावाने धाडलं. "अडाणी माणसाची चूक त्याच्या घरापुरती असते," ते म्हणायचे, "शहाण्याची गावभर पसरते. म्हणून शहाण्यांनी जपून असावं." शिक्षकांच्या खोलीत मला म्हणायचे, "तुमच्या सनावळ्या किती पक्क्या हो! मला एक साल धड आठवत नाही. पोरं माझ्याकडे हसतात, पण शिकतात ती तुमच्याकडे." अगदी मनापासून बोलायचे, आणि म्हणूनच माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

घरी तरी सुटका असावी की नाही? माझी सुमन दहावीत, त्यांच्याच वर्गात. जेवताना तिचं सुरू व्हायचं, "बाबा, सर आज काय म्हणाले म्हाइते?" आणि आमची ही आमटी वाढता वाढता म्हणायची, "तुमी पण जरा हसून शिकवत जा की ओ." मी ताटावरून उठायचो.

पण हे सगळं मी गिळलं असतं. अकरावी गिळता येत नव्हती. तेव्हा मॅट्रिकची परीक्षा अकरावीला असायची, आणि अकरावीचा इतिहास माझ्याकडे होता. निकालाच्या दिवशी माकुणसारच्या रस्त्यावर आईबाप थांबवून पाया पडायचे, 'मॅट्रिकचे सर' म्हणायचे. माझ्याजवळ मिरवायला दुसरं होतं काय? आणि त्या दिवाळीनंतर कुजबुज सुरू झाली, की जूनपासून अकरावी घोडचुके सरांना देणार. हेडमास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "तुम्हालाही जरा विसावा." विसावा!

त्याच दिवसांत सरांनी सहल काढली. केळव्याच्या बाजूला पाण्यात एक पडका बुरूज आहे. ओहोटीला वाळूतून चालत जाता येतं, भरतीला चारी बाजूंनी पाणी, आणि पुनवेच्या उधाणाला तर ते बुरुजावरही चढतं. तिथे बसून फिरंग्यांच्या चुका सांगायच्या, असा त्यांचा बेत. त्यांनी एका मच्छीमाराला रीतसर विचारलं. ठरलेला रविवार अष्टमीचा होता, ओहोटी भर दुपारची. त्याप्रमाणे त्यांनी फळ्यावर लिहिलं: नऊला शाळेतून निघणे, साडेदहाला वाट ओलांडणे, दोनच्या आत परत. सगळं बरोबर होतं. पण सोमवारी शाळेची तपासणी लागली, रविवारी सगळ्यांना साफसफाईला बोलावलं आणि सहल दहा दिवस पुढे गेली, नाताळच्या सुट्टीतल्या बुधवारी. सरांनी फळ्यावरचा वार आणि तारीख पुसून नवी लिहिली. वेळा तशाच ठेवल्या.

घाटावरचा माणूस! त्याला वाटलं, समुद्र शाळेच्या घंटेवर चालतो. आमची शेती खाजणातली, खाडीच्या बांधाला लागून. आमच्याकडे पाढ्यांबरोबर भरती शिकवतात. तिथीची पाऊणपट करायची, की भरती किती वाजता पुरी होणार ते कळतं. बुधवारी तीज होती, पौर्णिमेनंतरची. तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे सकाळी आठाला ओहोटी संपणार, दहाच्या सुमाराला वाटेत पाणी शिरणार आणि अकराला तिथे माणूस बुडेल. फळ्यासमोर उभ्या उभ्या मी हे एका क्षणात मनात केलं. सर बाजूलाच हात झटकत होते. म्हणाले, "बघा हो जरा. काही राहिलं का? तुम्ही इथले."

मी म्हटलं, "नाही. छान आहे."

माझा हिशेब सरळ होता. पोरं रमतगमत जाणार, पोचायला साडेदहा-पावणेअकरा होणार, समोर पाणीच पाणी दिसणार आणि सगळी वरात तोंडं पाडून परत येणार. बुडणार कोणी नाही, फजिती मात्र गावभर. ज्याला साधी भरती कळत नाही त्याला अकरावी कोण देईल? इतका विचार केला होता मी. आणि तरी सुमनला म्हटलं, "तू जायचं नाहीस. खळ्यावर भात झोडायला माणूस कमी आहे." धोका नव्हता अशी खात्री होती, तर पोरीला का ठेवून घेतलं? याचं उत्तर मला येतं, म्हणूनच मी ते इतकी वर्षं टाळलं.

बुधवारी ती खळ्यावर मुसमुसत होती. दहा वाजत आले असतील. मी म्हटलं, "पुरे आता. ती तरी अजून रस्त्यातच असतील."

ती फणकारली, "रस्त्यात कशाला? साडेसातलाच गेली सगळी! सर म्हणाले, ऊन चढायच्या आत पोचू."

माझ्या हातातली पेंढी खाली पडली. सायकल कशी काढली, चप्पल घातली की नाही, काही आठवत नाही. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा वाट बुडाली होती, आणि पलीकडे बुरुजावर पोरं दिसत होती. पाणी चढत होतं आणि वाऱ्यावरून हसण्याचा आवाज येत होता. सर शिकवत होते हो! मरण दारात आलेलं आणि हा माणूस त्यांना हसवत होता. खरं सांगू? त्या घडीलासुद्धा माझ्या काळजात एक बारीक कळ आली, की माझ्या वर्गात असं कोणी कधी हसलं नाही.

वाळूत एक म्हातारा मच्छीमार जाळं विणत होता. त्याला ओरडलो, होडी काढायला लावली. होडी ढकलताना तो म्हणाला, "आरं मास्तर, तुमी खाजणातले ना? तिजेचं पाणी हाय, तुमाला ठावं नाय का?" मी होडीला खांदा लावला.

आम्ही अर्ध्यात होतो तेव्हा एक मुलगी घाबरून पाण्यात उतरली आणि तिचा पाय सुटला. सरांनी चष्म्यासकट उडी टाकली. त्यांना पोहायला येत नव्हतं. बुरुजाच्या दगडाला एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने ते त्या मुलीला पाण्याच्या वर उचलून धरत होते. स्वतःचं तोंड पाण्याखाली जात होतं, वर येत होतं. आधी त्या दोघांना होडीत ओढलं. मुलीला किनाऱ्यावर सोडलं, पण सर काही उतरेनात. ओकत ओकत म्हणाले, "पोरं आणा आधी, मी शेवटी." पुढच्या प्रत्येक खेपेला ते होडीबरोबर परत बुरुजावर गेले.

चार खेपांत सगळी आली. सरांचा चष्मा समुद्राने नेला होता. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून पोरांना ओळीत बसवून ते डोक्यांना हात लावत मोजत गेले. सत्तावीस झाली. पुन्हा पहिल्यापासून मोजली, पुन्हा सत्तावीस.

"यादीत अठ्ठावीस नावं होती! सकाळी मोजायचं राहिलं! एक कमी आहे! कोण राहिलं?"

एक मुलगा म्हणाला, "सुमन आलीच नाय, सर."

"का?"

मी पुढे होऊन म्हटलं, "मी ठेवली तिला. खळ्यावर काम होतं."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग हळूच म्हणाले, "बरं केलंत." बस्, एवढंच. त्यांना सगळं कळलं होतं, आणि त्यांना कळलं हे मलाही कळलं.

शाळेच्या समितीने दोघांनाही बोलावलं. अध्यक्षांनी सरांना विचारलं, "इथल्या माहीतगार माणसाला वेळ दाखवली होती का?" मी मान खाली घातली. सर म्हणाले, "नाही. कोणालाही नाही. मीच तारीख बदलली आणि वेळा बदलायला विसरलो. चूक माझी." एक शब्द इकडेतिकडे नाही. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मी भांडलो असतो, कानावर हात ठेवले असते, काहीतरी केलं असतं. पण त्या माणसाने मला भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही. मार्चअखेर त्यांनी राजीनामा दिला. अकरावी माझ्याकडेच राहिली.

त्यांना बोईसरला कामगारांच्या मुलांसाठी निघालेल्या एका शाळेत जागा मिळाली. सफाळ्याच्या फलाटावर पोरं इतकी रडत होती की गार्ड खाली उतरून बघायला आला. मी दूर उभा होतो. तेच माझ्याकडे आले. म्हणाले, "अकरावीला बुरुजाची गोष्ट सांगत चला. माझ्या नावानिशी सांगा. पोरं हसतील आणि लक्षात ठेवतील."

मी म्हटलं, "सांगेन."

"तुम्हाला जेवढी माहीत आहे, तेवढी सगळी सांगा," ते म्हणाले आणि डब्यात चढले.

बोईसर काही लांब नाही, गाडीने तासाभराचाही रस्ता नाही. मी एकदाही गेलो नाही. पुढे बावीस वर्षं शिकवलं. अकरावीची दहावी झाली, पुस्तकं बदलली. दरवर्षी मी ती गोष्ट सांगितली. घाटावरचे एक सर होते, त्यांना भरती कळत नव्हती. मुलं हसायची. फळ्यासमोर त्यांनी मला विचारलं होतं, हे एकाही वर्षी सांगितलं नाही. सर गेले तेव्हा बोईसरहून आलेल्या एकाने सांगितलं, की त्यांना पोचवायला कारखान्याची पाळी सोडून माणसं आली होती. ऐकलं आणि आधी दुःख नाही झालं. आधी वाटलं, माझ्यामागे कोण पाळी सोडून येणार? मेलेल्या माणसाचा हेवा करणारा मी, मला काय म्हणावं?

सुमन आता आजी झाली. पण अजून लग्नाकार्यात माणसं जमली की ती बुधवारची गोष्ट काढते. म्हणते, "बाबांना आतून काहीतरी जाणवलं होतं. मी इतकी रडले, पण त्यांनी सोडलं नाही. बापाचं काळीज, दुसरं काय!" बायका हळहळतात, माझ्याकडे कौतुकाने बघतात आणि मी पान चघळत बसतो. काल तिने हीच गोष्ट नातीला सांगितली. नात येऊन माझ्या गळ्यात पडली.

म्हणून आज सकाळपासून हे लिहीत बसलोय. सुमन आत पोळ्या करतेय. झाल्या की तिला हाक मारणार आणि म्हणणार, हे वाच, मोठ्याने वाच.