आत्या मंत्री, शफीकभाई कलेक्टर

माझ्या आत्यानं एका गाजलेल्या सिनेमाला आमच्या घरातून हाकलून दिलं.

सिनेमा जुना, विनोदी, राजकारण्यांची सालटी काढणारा. मला तोंडपाठ! एका रविवारी बदनापूरच्या घरी मी सगळ्यांना तो बघायला बसवलं. बायको सुनीता, वडीगोद्रीहून आलेली आत्या (निम्मा जन्म मेंढरांमागं गेला, त्यामुळं तिची कुजबुजसुद्धा दोन शिवारं ओलांडते) आणि शेजारचे शफीकभाई टेलर.

पडद्यावर मंत्र्याचा येडपट गडी आला, गावाकडच्या बोलीत काहीतरी बरळला आणि मी खो खो हसलो. एकटाच.

"काय हसाया झालं?" आत्यानं विचारलं.

"अगं, कसा बोलतोय बघ की!"

"कसा? माझ्यावानी बोलून राह्यला."

तेवढ्यात शफीकभाई म्हणाले, "अन् आमचा माणूस देखो. अख्ख्या पिक्चरमधी एकच, त्यो बी जाळीचं बनियन घालून सुरा फिरवून राह्यला. आमच्यात कुणी कोट घालतच न्हाई का?"

आत्या उठली आणि तिनं टीव्हीची पिनच उपटली. "शहाण्या माणसाच्या तोंडी आपली बोली आली, का मंग लावा!"

मला भलताच चेव चढला. गल्लीच्या गणपतीत दरवर्षी नाटुकलं मीच बसवतो. यंदा लिहिलं ते असं : मंत्री आत्या, कलेक्टर शफीकभाई, दोघंही आपापल्या बोलीत बोलणार. आणि येडपट गडी बोलणार एकदम शुद्ध, पुस्तकी मराठी! गडी अर्थातच मी.

मंडळाचे अध्यक्ष घाबरले. "पब्लिक हसंल का, सर?"

"न्हाई हसलं तर रडू द्या! पण पार्ट बदलणार न्हाई!"

शफीकभाईंनी कलेक्टरचा कोट स्वतः शिवला आणि चारदा उसवला. "पहिल्यांदा साहेब होऊन राह्यलो," ते म्हणाले, "शिलाई बराबर पाहिजे."

नाटुकलं सुरू झालं आणि आत्या पहिल्याच वाक्याला संहिता विसरली. पण घाबरेल ती आत्या कसली! तिनं थेट प्रेक्षकांतल्या बायांनाच विचारलं, "काय गं, नळाला पाणी कव्हा येतं?"

"आठ दिवसाला!" सगळा मांडव ओरडला.

"कलेक्टर, जवाब द्या!"

शफीकभाई कोट सावरत म्हणाले, "मॅडम, पायपाची फाइल शिवायला दिलीय. धागा मंजूर न्हाई!"

काय त्या टाळ्या! आता माझी एंट्री. हातात चहाचा ट्रे (चहा खरा, उकळता, खरेपणाचा हट्ट माझाच) आणि ओठांवर घोकलेलं वाक्य : "महोदया, मजकडून कोणताही प्रमाद घडलेला नाही." 'महोदया'पर्यंत मी सुखरूप पोचलो. मंग पाय माइकच्या वायरीत अडकला आणि सगळा चहा मांडीवर!

"आयो आयो! मेलो की वो! आत्ये, भाजलं ना गं!"

मांडव कोसळायचा बाकी राहिला. माणसं खुर्च्यांवरून घसरली. नाटुकल्यातला सगळ्यात मोठा हशा! आणि तो आपल्या बोलीत बोंबलणाऱ्या येडपट गड्यालाच!

"हसू नका!" आत्या गरजली. "गडी असला म्हणून काय झालं? कलेक्टर, पाणी आणा जल्दी!"

आणि कोट घातलेल्या कलेक्टरांनी सगळ्या मांडवादेखत गुडघ्यावर बसून माझ्या मांडीवर पाणी ओतलं. खुर्च्यांवरून घसरलेली माणसं उठून उभी राहिली. मंग टाळ्या झाल्या, त्या मात्र माझ्यासाठी नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. "सर, पुढल्या साली नेहमीसारखंच बसवू. मंत्री जरा मंत्र्यासारखा दिसणारा…"

"बिलकुल न्हाई!" मी मलम चोळत ओरडलो. "आत्या मुख्यमंत्री होणार अन् शफीकभाई राज्यपाल!"

"अन् तुम्ही?"

मी मोठ्या आशेनं आत्याकडं बघितलं.

"शहाण्यांचे पार्ट संपले," आत्या म्हणाली. "अन् गड्याचा तुला झेपत न्हाई. तू पडदा ओढ."

ओढणार! छाती काढून ओढणार! पडद्यामागंसुद्धा आपला माणूस पाहिजेच की!