कप्तान परत आला

माझी आई हायस्कुलात गणित शिकवायची. मी सात वर्षांची असताना तिची बदली कृष्णराजनगरला झाली. तेव्हाच्या बसगाड्यांवर भरवसा नव्हता, म्हणून ती तिथेच खोली घेऊन राहू लागली. मी आणि अप्पा म्हैसूरला. शनिवारी संध्याकाळी ती यायची आणि सोमवारी पहाटे निघून जायची.

आमच्या घरात रागाला कानडीतला सिट्टुच म्हणतात, आणि माझा सिट्टु गल्लीभर प्रसिद्ध होता. शनिवारी आई आली की तासभर मी तिच्याशी बोलायचीच नाही. मग ती मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल घालायची आणि गोष्ट काढायची. गोष्ट एका इंग्रजी पुस्तकातली. ते तिने रद्दीच्या दुकानातून आणलेलं, वर अग्निबाण आणि पिस्तूल रोखलेला माणूस. इंग्रजी सुधारावं म्हणून असली पुस्तकं वाचते, असं ती लोकांना सांगे. खरं म्हणजे तिला त्यांची चटक होती.

पिस्तूलवाला माणूस म्हणजे यानाचा कप्तान. एक नंबरचा लबाड. कोरड्या ग्रहांवर चोरून पाणी विकायचा, जिवलग दोस्तांना टोपी घालायचा. आई त्याला शिव्या घालायची, पण कौतुकानं. यान हाकण्याआधी तो लोटाभर मजिगे प्यायचा, कारण ताक प्यायल्याशिवाय कुणी मोठं काम करू शकतं हे आईला पटतच नसे.

या कप्तानाने दोन वेण्या घातलेल्या एका मुलीला ओसाड ग्रहावर एकटं ठेवलं होतं. इंधन संपत आलं होतं, दोघांचं वजन यानाला झेपत नव्हतं. येतो म्हणून गेला. दर शनिवारी ती मुलगी तिथेच बसलेली असायची आणि माझा जीव वरखाली व्हायचा. असं दोन वर्षं चाललं. शेवटी तो आला, करपलेल्या केसांनी. यान उतरलं ते म्हैसूरलगतच्या हूटगळ्ळीच्या मोकळ्या रानात. त्याच महिन्यात आईची बदली परत म्हैसूरला झाली.

हूटगळ्ळीत आता रान कुठलं? तिथल्याच एका नव्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही मायलेकी राहतो. गेल्या महिन्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस वाचायचं नाही म्हटल्यावर ती हट्टाला पेटली आणि ट्रंकेतून तेच पुस्तक काढायला लावलं. मी मोठ्यानं वाचू लागले.

त्यात मुलगी नव्हतीच. ओसाड ग्रहावर मागे राहिला होता तो यानाचा म्हातारा मिस्त्री. कप्तान येतो म्हणून गेला आणि पुढच्याच पानावर भलत्या ग्रहावर दारू पीत बसला. मी भराभरा शेवटपर्यंत पानं उलटली. मिस्त्रीचं पुन्हा नावसुद्धा नव्हतं. या वयात, इतक्या वर्षांनी, माझा जुना सिट्टु उफाळून आला.

"आई, हा परत येतच नाही."

"गोत्तु," काळ्या चष्म्याआडून ती शांतपणे म्हणाली. "मला पहिल्याच आठवड्यात ठाऊक होतं."

मग दोन वर्षं मला फसवलंस कशाला, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. ती पदराच्या काठाशी चाळा करत राहिली.

"त्याला यायचं नव्हतं ग. मला यायचं होतं."

मी पुस्तक मिटलं आणि तिच्या उशाशी बसले. तेल घालायला डॉक्टरांची मनाई, म्हणून नुसतीच तिच्या पांढऱ्या केसांतून बोटं फिरवली आणि गोष्ट सांगायला लागले, कप्तान मजिगे पिऊन निघतो तिथपासून. यान हूटगळ्ळीला उतरलं. मग तिने हळूच विचारलं,

"त्या मुलीला फार सिट्टु आला होता का ग?"

"फार," मी म्हणाले. "पण ती वाट बघत होती."