तारा मिळेपर्यंत

तळेगावच्या बाहेर शंकरअप्पांचा तबेला आहे, हे मला कंपनीच्या बसच्या खिडकीतून कळलं. मी लातूरकडची, चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासणारी. रिंगणात दुडकी चालणारी एक तांबूस घोडी दिसली आणि सुट्टीच्या दिवशी मी थेट अप्पांसमोर उभी राहिले. म्हटलं, "मला त्या घोडीवर बसायचंय." अप्पांनी माझ्या हातात अंग घासायचा खरारा दिला आणि सोन्या नावाच्या थंड डोक्याच्या पांढऱ्या घोड्याकडे बोट दाखवलं.

अप्पांकडे शिकलेल्या आपणा सर्वांना ही परीक्षा ठाऊक आहे. आपण खरारा करायचा आणि घोड्याला हात पटला का, हे अप्पांनी त्याच्या कानांवरून बघायचं. कोणाला कोणता घोडा, हे तिथंच ठरायचं. "भित्र्या माणसाला शाणा घोडा, शाण्या माणसाला भित्रा घोडा, आन् लई शाण्याला नुस्ता खरारा," हा त्यांचा कायदा. एकदा माणहून एक जोडपं शिकायला आलं. साहेबांनी माथेरानला घोडा पळवलेला, बाईंना जवळ जायचीही धास्ती. बाई सोन्यावर बसून दुडकीपर्यंत पोचल्या, तरी साहेब आपले शेपटी विंचरतच होते. पण अप्पांनी त्यांचा कधी पाणउतारा केला नाही. चहा मात्र रोज स्वतःच्या हातानं दिला.

मला सोन्या आवडू लागला होता, पण जीव त्या तांबूस घोडीत, तारामध्ये अडकलेला. मशीनपाशी उभी असतानाही तिची चाल डोळ्यांसमोर यायची. दर रविवारी मी विचारायची, "अप्पा, आज तारा द्या की." अप्पा हसून म्हणायचे, "अजून न्हाई. तुझा हात लई मागतोय. तिला कळतं त्ये."

मग माझे वडील गेले. गावाकडून परतले तेव्हा खोलीवर जाववेना, म्हणून तबेल्यात गेले. समोर जी उभी होती तिला मी खरारा करत राहिले. ती तारा होती, हेही उशिरा लक्षात आलं. तिनं मान खाली घेऊन माझ्या खांद्याला टेकवली. अप्पांनी खोगीर आणलं. म्हणाले, "आज तुझा हात कायबी मागत न्हाई. बस, पोरी." त्या सकाळची ओढ मला अजून लागते.

आता रिंगण मी सांभाळते. मांडीचं हाड मोडल्यापासून अप्पा घोड्यावर बसलेले नाहीत. डॉक्टरांनी घोड्यावर बसून सावकाश चालीला परवानगी दिली आहे, पण अप्पांना हवी आहे ती तारा. दर रविवारी रिक्षानं येतात, कुंपणापाशी खुर्ची टाकून तिच्याकडे बघत बसतात. त्यांचं ते बघणं मला बघवत नाही. परवा त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला, तशी ती कान मागे पाडून सरकली.

"दे की गं तारा," अप्पा म्हणाले.

"अजून नाही, अप्पा. तुमचा हात लई मागतोय."

अप्पा खूप हसले. मग उपरण्यानं डोळे पुसत राहिले.

अप्पा, पंचाहत्तरीच्या या दिवशी तुम्हांला निरोगी शंभरी लाभो, हे मागणं आम्हां सर्वांचं आहेच. माझं एक वेगळं आहे. येत्या रविवारी हट्ट सोडून सोन्यावर बसा. तोही आता म्हातारा झालाय, तुम्हांला जपून नेईल. तारा कुठं जात नाही. तिला मी तुमच्यासाठी राखून ठेवली आहे.