माझ्या लॅपटॉपपायी हललेल्या शेळ्या

हे ऐकून तुम्ही मला हसणार, ठाऊक आहे मला. हसा! पण चहा संपेपर्यंत मध्ये बोलू नका, नाहीतर माझा धीर सुटेल.

तेव्हा मी लातूरहून नुकताच आयटीत आलो होतो. पुण्याजवळच्या माण गावात सखूमावशींकडे खोली भाड्यानं घेतलेली. खिडकीबाहेर त्यांचं अंगण आणि अंगणात त्यांच्या शेळ्या.

ऑफिसात एक म्हातारा लॅपटॉप भंगारात निघाला होता. मी आपली फुशारकी मारली, "विंडोज काढून लिनक्स टाकतो, बघा कसा पळतो!"

साहेब म्हणाले, "सोमवारी सगळ्यांसमोर दाखव. जमलं तर सगळे जुने लॅपटॉप तुझ्या हवाली."

झालं! आता अब्रूचा प्रश्न.

लॅपटॉप खोलीवर आणला, लिनक्स टाकलं, आणि पळाला की हो! फक्त आतला पंखा अधूनमधून घरघरायचा. जुनं मशीन, घरघरणारच. पण मला कुठला दम? लॅपटॉप किती तापलाय, हे त्याला सारखं विचारत राहणारा एक छोटासा प्रोग्रॅम मी लिहिला. नाव ठेवलं 'थंडगार'. झाकण उघडलं की तो आपोआप सुरू व्हावा, अशी सोयही करून ठेवली. काय खूश झालो म्हणून सांगू!

आणि त्या दिवसापासून पंखा थांबायचं नावच घेईना.

आता माझ्या प्रोग्रॅममध्ये खोट असेल, असं माझ्या मनात आलं असेल? छे! मी खिडकीबाहेर बघितलं. मावशी अंगणात भात उफणत होत्या.

"मावशी, ही फोलपटं माझ्या मशीनमध्ये जातायत हो!"

"आँ? येवढंसं मशीन, त्ये भात खातंय व्हय?"

पण बाई भली. सूप उचललं आणि मागच्या दारी गेली. मी झाकण उघडून बघितलं. पंखा चालूच. मिटलं, पुन्हा उघडलं. आणखी जोरात!

मग माझी नजर शेळ्यांवर गेली. केस! शेळ्यांचे केस!

"मावशी, जरा शेळ्या पण…"

"आता शेळ्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

"सोमवारी माझी नोकरीतली इज्जत जाईल हो!"

मावशींनी यजमानांना हाक मारली. दोघांनी खुंटे उपटले आणि शेळ्या घरामागं नेल्या. शेजारणीनं विचारलं, तर मावशींनी तिला ऐकवलं, "इंजिनेराच्या मशीनला शेळ्या सोसंनात, बाई! लई नाजूक हाय." संध्याकाळपर्यंत साऱ्या आळीत पसरलं.

सोमवार उजाडला. एसी खोली. ना भात, ना शेळी. साहेबांसमोर ऐटीत झाकण उघडलं आणि पंखा असा सुटला, की साहेबांनी समोरचे कागद हातानं दाबून धरले!

माझा मित्र प्रदीप पुढं आला. "थांब, बघू तरी आत काय चाललंय." त्यानं चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उघडली.

थंडगार. थंडगार. थंडगार. खाली बघावं तिथवर थंडगार! दर वेळी झाकण उघडलं, की आधीचा न थांबता नवा एक सुरू होत होता. ते सगळे मिळून त्या म्हाताऱ्याला एकच विचारत बसले होते, तापलास का, तापलास का? तो बिचारा उत्तरं देता देताच तापत होता.

"हे 'थंडगार' लिहिलंय कुणी?" साहेबांनी विचारलं.

प्रत्येक ओळीपुढं, चालवणाऱ्याच्या रकान्यात, माझंच नाव होतं.

प्रदीपनं ते सगळे बंद केले. पंखा गप्प झाला. त्यामुळे सगळ्यांचं हसणं अगदी स्वच्छ ऐकू आलं. जुने लॅपटॉप साहेबांनी लिनक्ससाठी दिले खरे, पण प्रदीपच्या हवाली.

घरी येऊन मावशींना सगळं सांगितलं. लाजून मेलो होतो. त्यांनी डोक्याला हात लावला. "म्हंजी शेळ्यांचं काय बी न्हाई? मग धरा हे दावं!" मी स्वतः एकेक शेळी ओढत पुन्हा खिडकीखाली आणून बांधली, आणि आळी कडेला उभी राहून बघत होती.

मी ती खोली सोडून आता किती वर्षं झाली! पण मावशी अजून नव्या भाडेकरूला किल्ली देण्याआधी विचारतात म्हणे, "तुमच्या मशीनला शेळ्या चालत्यात ना?"