कारणाचा रकाना

आमच्या गावात पटकीनं कुणी मरत नसे. सगळे तापानं मरत. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण ते मीच लिहिलंय.

माझे सासरे गावचे पोलीस पाटील होते. जन्ममृत्यूची वही त्यांच्याकडे असे आणि दर महिन्याला तिच्यावरून कागद तयार करून कोतवालाबरोबर तालुक्याला धाडावा लागे. पण मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तालुक्याला कळलं तर पाटीलकी जायची, म्हणून ते त्यांनी झाकून ठेवलं होतं. मी माहेरी, वसईकडे, चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर बरं. लग्न होऊन आले त्याच वर्षी वही माझ्याकडे आली. मामंजी झोपाळ्यावर बसून सांगत, मी दाराआड बसून लिही, आणि शेवटी त्यांचं बोट धरून जागा दाखवली की ते सही करत. नाव, वय, जात, आणि मृत्यूचं कारण. कारणाच्या रकान्यात लिहायला सरकारनं शब्द नेमून दिले होते. पटकी, देवी, हगवण, ताप असे. मामंजींना त्यातला एकच पाठ होता.

पटकी, म्हणजे कॉलरा, यायची ती चैत्र-वैशाखात, आणि मीठ उचलायचा हंगामही तोच. खारी-गोडदेवच्या बाजूला तेव्हा जिकडे बघाल तिकडे मिठागरं. पटकी एकदा कागदावर चढली की तालुक्याची माणसं येणार, सुया टोचणार, बाहेरून आलेले मजूर बिऱ्हाड उचलून पळणार आणि तयार मीठ पावसात विरघळून खाडीला मिळणार. गावातल्या सगळ्या मोठ्या घरांचा मिठात वाटा होता. आमचाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मामंजी येताजाता म्हणत, आणि मूठ झाकण्याचं काम माझ्याकडे होतं.

माझ्या लग्नाआधी एकदा त्यांनी खरं लिहिलं होतं म्हणे. तालुक्याची माणसं आली आणि विहिरीत लाल औषध ओतून गेली. पाणी जांभळट झालं. उन्हाळ्यात गोडं पाणी देणारी गावात ती एकच विहीर. बाकीच्या मचूळ व्हायच्या. तर ‘इहीर बाटली’ म्हणून सगळा गाव तळ्यावर गेला. त्या तळ्यात म्हशी बसायच्या, आणि बसल्या जागी जे करायचं ते करायच्या. ते हिरवं पाणी फडक्यातून गाळून लोक प्याले आणि औषधाच्या नावानं थुंकले. सासूबाई ही गोष्ट मला अभिमानानं सांगत. “आमी न्हाय त्या रगताच्या पान्याला तोंड लावलं!” म्हशीचं मूत यांना चालतं आणि औषध बाटवतं! सोवळ्याच्या गप्पा मारणाऱ्या त्या गावाची मला शिसारी आली ती तेव्हापासून.

ज्या वर्षाचं सांगतेय तेव्हा महायुद्ध चालू होतं. नणंद पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तोंडानं फटकळ, आणि त्या घरात मला हसवणारं ते एकच माणूस. सातवा महिना संपत आला होता. तिला सारखी तहान लागे. दिवसातून दहादा माठाशी जायची आणि म्हणायची, “वहिनी, आपल्या गावचं पानी तेवरं गोड हाय. मानसं सगली खारट.”

त्याच सुमारास बांधावरच्या मजुरांच्या झोपड्यांत पहिलं मरण झालं. एक बाई. सकाळी मिठाच्या टोपल्या वाहत होती, संध्याकाळी गेली. दुसऱ्या दिवशी मी पाण्याला गेले तर तिचा नवरा विहिरीच्या काठावरच तिची लुगडी धूत बसला होता. पेजेसारखं पांढुरकं पाणी निथळत होतं आणि काठाच्या फुटक्या फरशीतून परत विहिरीत झिरपत होतं. वर माशा घोंगावत होत्या. तो रडत होता, म्हणून मला त्याच्यावर ओरडताही येईना. घागर तिथंच पालथी करून मी घरी आले.

“मामंजी, हा ताप नाही. सगळं विहिरीत चाललंय. या वेळी पटकी लिहिते.”

त्यांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. “अर्धं मीठ अजून आगरान परलंय. ते कोन उचलंल, तुजा बापूस? ताप लिव.”

“नाव काय लिहू?”

“नाव कोनाला ठावं हाय? मिठागरावरची बाय, लिव.”

मी लिहिलं. मिठागरावरची बाई. वय अदमासे पंचवीस. ताप.

नंतर दोन मजूर गेले. ताप. ताप.

नणंदेसाठी मी पाणी उकळायला लागले. सासूबाईंनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी हंडा चुलीवरून उतरवून मोरीत ओतला. “पानी कोन रांधतं का? उकललेलं पानी मेलेलं असतं. पोटुशीला जितं पानी पायजे.” मी भांडले, पण एकदाच. मग कंटाळले. दुपारी सगळी कलंडली की माझ्यापुरता तांब्याभर उकळून घ्यायची आणि फळीवर मागं लपवून ठेवायची. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गावाची किळस करणाऱ्या बाईनं स्वतःचा तांब्या तेवढा सांभाळला होता.

सोमवारी सकाळी नणंदेला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले, बोटं दिवसभर पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतली. भाईंदर स्टेशनाजवळ डॉक्टर होता. पण डॉक्टर आला की तो तालुक्याला कळवणार. म्हणून आधी भगत आला. त्यानं कोंबडं ओवाळलं, अंगारा लावला. मी गुडघ्यावर बसून तिच्या खालची फडकी बदलत होते आणि तो घाण वास माझ्या नाकात, केसांत, जेवणाच्या ताटात शिरत होता. उन्हं उतरल्यावर मामंजींनीच ओरडून कोतवालाला डॉक्टरकडे पिटाळलं. डॉक्टर येईपर्यंत ती गेली होती, पोटातल्या जिवासकट; त्याला ओटीवरूनच परत पाठवलं. शेवटपर्यंत पाणी मागत होती, आणि आम्ही तिला त्याच माठातलं देत होतो.

तिसऱ्या दिवशी मामंजी झोपाळ्यावर बसले. “वही आन.” त्यांनी नाव सांगितलं. वय सांगितलं, एकोणीस. “ताप,” ते म्हणाले.

मी पटकी लिहिलं. महिन्याच्या कागदावरही तेच.

“लिवलंस?”

“हो.”

मी त्यांचं बोट धरून जागा दाखवली आणि त्यांनी सही केली. आपण केवढं धाडस केलं, असं मला वाटलं. मी आत जाऊन रडलेसुद्धा, पण त्यात थोडा अभिमान होता.

कागद पोहोचला आणि तालुक्याचे साहेब औषधाचे डबे घेऊन हजर झाले. तोवर मिठाच्या राशी लागून त्यांच्यावर गवत शाकारून झालं होतं. साहेबांनी ओटीवर वही उघडली आणि मोठ्यानं वाचलं. मामंजींचा चेहरा उतरला. त्यांना कळलं.

“पाटील, स्वतःच्या घरातली पटकी लपवली नाहीत तुम्ही,” साहेब म्हणाले. “असे पाटील हवेत आम्हाला. म्हणजे सुरुवात तुमच्या मुलीपासून झाली. सासरहूनच आली होती ना? त्याआधीचे हे तिघं तापानं गेलेले?”

मामंजींनी मान दाराकडे वळवली, मी बसले होते तिकडे. “व्हय सायेब. ताप.”

मला तोंड होतं. मी ते उघडलं नाही. अक्षर कुणाचं, डोळे कुणाचे, सगळंच बाहेर पडलं असतं आणि मला त्याच घरात नांदायचं होतं.

विहिरीत लाल औषध पडलं आणि गाव पुन्हा घागरी घेऊन तळ्यावर गेला. पोटची पोर गमावलेल्या सासूबाईही गेल्या. तिथं बायका उघड बोलत होत्या, पाटलाच्या पोरीनं सासरहून मरी आणली. सासूबाई घरी येऊन मला म्हणाल्या, “कोन लावतं गं माज्या लेकीच्या नावाला ह्ये?” मी चुलीत फुंकर घालत राहिले.

त्या गावाला आणि मामंजींना मी जन्मभर नावं ठेवली. जास्त ठेवली असंही वाटत नाही. पण शिसारी यायची तर मला आधी ते पान आठवतं. नणंदेचं नाव लिहिलं त्याच पानावर, तीन ओळी वर, ती मिठागरावरची बाई होती. टाक माझ्या हातात होता, मामंजींना दिसत नव्हतं, आणि वरच्या तीन ओळींतला ताप खोडावा असं मला सुचलंसुद्धा नाही.